बोटातला लाल उजेड आणि मॅक्स ३०१०२

सध्या मॅक्स ३०१०२ हा छोटुसा सेन्सर ईएसपी३२ या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडून घरीच पल्स ऑक्सिमीटर (बोटावरून ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) बनवतोय, जाम मजा येतेय. आत दोन एलईडी, एक लाल ६६० नॅनोमीटरचा, एक इन्फ्रारेड ८८० चा, आणि शेजारी परत येणारा उजेड मोजणारा फोटोडायोड. रक्तातलं ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, नसलेलं लाल जास्त शोषतं, सगळा खेळ या फरकावर.

बोट ठेवलं की परत आलेल्या उजेडाचा भलामोठा आकडा येतो, पण तो जवळजवळ सगळा कातडी, हाड, शिरांचा, ठोक्यासोबत हलणारा भाग त्यात जेमतेम एखाद-दोन टक्के. जपानचे इंजिनियर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात हेच हेरलं की हलतंय तेवढंच धरा, ते धमनीतलं रक्त! केवढी साधी आणि जबरदस्त आयडिया.

बोट जोरात दाबलं की ग्राफ सपाट होतो, म्हणून मी वेल्क्रोची सैलसर पट्टी लावतो आणि वरून काळं कापड, नाहीतर ट्यूबलाइटचा उजेड आत घुसतो. हार्ट रेट सोपा, दोन शिखरांमधला वेळ मोजायचा.

ऑक्सिजनसाठी दोन्ही रंगांच्या गुणोत्तरावरून (तेच आर) ११० वजा २५ गुणिले आर हा फॉर्म्युला सगळे वापरतात, पण तो ढोबळ आहे, खरं कॅलिब्रेशन माणसांच्या धमनीतल्या रक्ताशी ताडून करतात. शिवाय गडद त्वचेवर हॉस्पिटलातली मशीनंसुद्धा कधीकधी ऑक्सिजन जास्त दाखवतात, अमेरिकेत २०२० मध्ये यावर मोठी चर्चा झाली. आपल्याकडे तर हे तपासायलाच हवं. त्यामुळे घरच्या आजारी माणसासाठी हे घरी बनवलेलं यंत्र वापरू नका, प्लीज.