तानशाची पट्टी

पावसाळ्यात पेपर आला की मी आधी तलावांचा तक्ता बघतो. मुंबई पालिकेच्या पाणी खात्यात होतो, त्यातली नऊ वर्षं तानसा तलावावर. भिंतीलगत आकडे रंगवलेली पट्टी असायची. वारा सुटला की पाणी पट्टीवर चार बोटं वरखाली व्हायचं. मग लाटेचा वरचा आकडा घ्यायचा, खालचा घ्यायचा आणि मधला वहीत लिहायचा. रात्रपाळीला बॅटरीच्या उजेडात.

म्हणून ‘ग्रेस’ उपग्रहांबद्दल वाचलं तेव्हा पहिला प्रश्न पडला, यांनी पट्टी लावली कुठे? तर हे लोक पाणी चक्क तोलतात! नासा आणि जर्मनीने २००२ मध्ये जोडी सोडली, ती २०१७ पर्यंत चालली. २०१८ पासून दुसरी फिरतेय. एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर. खाली बर्फाचा मोठा साठा आला की पुढच्याला आधी त्याच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ लागते, तो किंचित पुढे सरकतो, अंतर वाढतं. मग मागचाही ओढला जातो. हा फरक मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. महिनाभराच्या मोजणीतून कुठे वजन वाढलं, कुठे घटलं, त्याचा नकाशा होतो. एकटा तानसा त्यात दिसायचा नाही. काहीशे किलोमीटरचा मुलूख लागतो.

मी कागद-पेन घेऊन बसलो. मुंबईला पाणी देणारे आपले सातही तलाव काठोकाठ भरले तर १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, म्हणजे दीड अब्ज टनांना थोडं कमी. ग्रीनलँडवरचा बर्फ वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास घटतोय. भागाकार आला १८६. पुन्हा केला, तेवढाच आला. सातही तलाव, वर्षातून एकशे शहाऐंशी वेळा.

पण जिवाला जास्त लागलं ते पंजाब, हरियाणा, राजस्थानचं. ग्रेसच्या मोजणीत दिसलं, २००२ ते २००८ या काळात तिथलं १०९ घन किलोमीटर, म्हणजे तितकेच अब्ज टन भूजल गेलं. आपल्या तलावांच्या पंचाहत्तर पट, आणि तेही पाऊस बरा असताना. सगळा उपसा. तलाव आटला तर चिखल दिसतो, भेगा दिसतात, पालिका कपात लावते. तिथे जमिनीखाली पाणी उतरत होतं आणि वर भात हिरवागार उभा होता. आपल्या तलावांसारखा तक्ता तिथल्या पेपरातही रोज यायला हवा, पहिल्या पानावर.