लाली कोण?

वाघोलीच्या बाजूला दर पावसाळ्यात एखादं शेत कमी होतं आणि एखादा टॉवर वाढतो. तिथल्याच एका शाळेत मी तिसरीला शिकवते. पट ३८. निम्म्याहून जास्त मुलं लेबर कॅम्पमधली. शेवटचा स्लॅब भरून झाला की आईबाप दुसऱ्या साईटवर जातात, त्यांच्याबरोबर मूलही जातं, आणि हजेरीपटावर त्याचं नाव तेवढं मागे राहतं.

जूनच्या अखेरीस असाच एक मुलगा आला. उदगीरकडचा. आधी शाळेत गेलेला, पण एक महिना इथे, दोन महिने तिथे असं. वय आठ, म्हणून वयानुरूप प्रवेश थेट तिसरीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. फक्त बाकी वर्ग परिच्छेद वाचतोय आणि हा 'घ' आणि 'ध' मध्ये अडकलाय, हे निस्तरायला कायदा येत नाही, वर्गातली बाई येते. मी वाचनचाचणी घेतली: आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. गडी अक्षरांवरच थांबला. रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसवून 'काम, माळ, लाल, जाळ' इथवर आणला होता, तेही फळ्यावर बोट ठेवलं तर. वहीत मी 'अक्षर स्तर' लिहून मोकळी झाले. मुलांनी त्याला 'उदगीर' म्हणायला सुरुवात केली. त्या नावाला तो 'हां' म्हणायचा. त्यापलीकडे फारसं बोलायचा नाही.

आता टीव्हीबद्दल. आमच्या वर्गात एक मोठा टीव्ही आहे. गॅदरिंगच्या जुन्या बॅनरचं कापड शिवून आम्ही त्याला अभ्रा केलाय. शिक्षकाचं तंत्रज्ञान म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक 'आज पाचच्या आत' भरून देणं, असं माझं मत होतं आणि बरंचसं अजून आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड मी स्कॅन करून दाखवते, सरकारी 'दीक्षा' अ‍ॅपवरचे व्हिडिओ लावते. ३८ तोंडं उघडी पडतात. संपल्यावर विचारावं, काय कळलं? "छान होतं बाई." बस. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाने मात्र मला कधी दगा दिला नाही. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण-चौकोन करायचं तिथेच शिकले. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे पोरांना हातांनी कळतं. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टीही टीव्हीवर छान दिसतात. पण त्या वाचता येणाऱ्यांसाठी. उदगीरसारखं मूल तिथे चित्रं बघतं आणि शेजारच्याच्या ओठांकडे बघत अर्धा शब्द मागून बोलतं. एरवी त्या अभ्र्याला हात लावायची मला हौस नव्हती.

कल्पना सुचली ती सासूबाईंमुळे. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनवरचा माईक दाबून बोलतात आणि आपोआप लिहिलेला मेसेज नणंदेला जातो. २०१७ साली गूगलने आवाजावरून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणली, तेव्हापासून त्यांचं हे सुरू आहे. म्हटलं, ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याने बोलावं, फोनने लिहावं आणि स्वतःचंच बोलणं त्याने वाचावं. जुलैतला एक सोमवार होता. बाहेर पाऊस, मैदानात तळं, खेळाचा तास बुडालेला. फोनला केबल लावली, टीव्हीवर कोरं पान उघडलं.

पहिली उठली ती वर्गातली सर्वांत धिटाईची मुलगी. "काल मी आईबरोबर भाजी आणायला गेले." अक्षरं भराभर उमटली, एक चूक नाही. वर्गातून 'आऽऽ' निघालं. मग सगळेच ओरडले, आणि फोनने सगळ्यांचं मिळून काहीतरी भयंकर लिहिलं. तेवढ्यात वरून एक संदेशही टपकला, कुठल्याशा माहितीचा. 'तातडीने' हा शब्द टीव्हीवर हातभर मोठा दिसत होता आणि एका मुलीने तो मोठ्याने फोडून वाचला: "ता-त-डी-ने!" माझा फोन तसा फार उघडा पडायच्या आत मी सूचना बंद केल्या.

मग उदगीरला पुढे बोलावलं. तो येईना. शेजारच्याने ढकलला. मी विचारलं, सकाळी घरी काय काय चाललं होतं? फोन त्याच्या तोंडाशी धरला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाला,

"आय पानी भरलाली, मी बगलालो, पाऊस येलाला."

उदगीर-नांदेडकडे असंच बोलतात. 'भरते आहे' म्हणजे 'भरलाली', 'बघतोय' म्हणजे 'बगलालो'. टीव्हीवर उमटलं:

'आई पाणी भर लाली मी बघ लाल पाऊस ये लाल'

वर्ग हसून लोळला. "लाली कोण? लाली कोण रे?" कुणी म्हणालं, त्याची बहीण असेल. कुणी म्हणालं, शेळी. मला वाटलं आता हा रडणार, आणि आपण कशाला हा उद्योग केला. फोन खाली घेणार एवढ्यात तो सरळ टीव्हीपाशी गेला आणि त्याने काचेवर बोट ठेवलं.

"म्याडम, ह्ये 'लाल' हाय. मी लाल म्हनलोच नाई."

बोट सरकलं. "हितं बी लाल." मग परत मागे आलं, थांबलं, ओठ हलले. "ल... ला... ली. लाली. ही बी मी म्हनलो नाई."

फळ्यावर कुणीही बोट ठेवलेलं नव्हतं. मीही नाही. एवढ्या मोठ्या ओळीतून त्याने स्वतः शब्द शोधून काढले होते, कारण ते चुकीचे होते आणि चूक त्याच्या नावावर पडत होती. काचेवर बोटाचे तीन ओले ठसे होते. ते मी दिवसभर पुसले नाहीत, हे आता सांगायलाही जरा लाजच वाटते.

"मग तू काय म्हणालास?" असं विचारून मी त्याच्या तोंडचं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं: भरलाली. आणि लिहिताना मनातल्या मनात ओशाळले. गेले तीन आठवडे 'भरलाली नाही, भरते आहे म्हण' हे मी त्याला रोज सांगत आले होते. मशीनने तेच केलं, फक्त जास्त विनोदी पद्धतीने. 'आय'चं 'आई' आणि 'पानी'चं 'पाणी' केलं ते तर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याच्याही नाही. तेही त्याने मागाहून धरलं, पण ते दुसऱ्या दिवशी.

इथून पुढे तास माझ्या हातात राहिला नाही. बार्शीकडची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्यात 'भरायलीय' म्हणतात." फोनपुढे बोलली. उमटलं, 'पाणी भरायला ये'. मुलं म्हणाली, बोलावतोय तो! कोरेगावकडचा एक म्हणाला, "भरतीया." उमटलं, 'आई पाणी भारतीय'. यावर मीही हसले, प्रतिज्ञा रोज म्हणतो आम्ही. यवतमाळच्या मुलीचं 'भरून राह्यली' मशीनने निमूटपणे 'भरून राहिली' केलं. ती बिचारी खूश झाली आणि बाकीचे नाराज, कारण चूक मजेदार नव्हती. धुळ्याच्या जुळ्यांनी तर एकदमच सांगितलं, "माय पानी भरी ऱ्हायनी," आणि टीव्हीने लिहिलं, 'माय पाणी भारी राणी'.

फळ्यावर ओळीने पाच शब्द झाले, खाली सहावा पुण्याचा 'भरतेय'. सहा गावांच्या आया एकाच नळावर. मी नकाशा काढला नाही, काढायला हवा होता, नंतर सुचलं.

उदगीरने विचारलं, "ह्याला आमच्याकडचं का येत नाई?" आठ वर्षांच्या मुलाला काय सांगायचं? म्हटलं, त्याला माणसांनी जे पुष्कळ ऐकवलं, पुष्कळ वाचायला दिलं, तेच त्याच्या ओळखीचं. ओळखीचं नसलं की ते जवळपासचा ओळखीचा शब्द ठोकून देतं. तू 'घ' ओळखला नाहीस की 'ध' म्हणतोस ना, तसं. हे त्याला फारच पटलं. "म्हंजे त्ये बी अक्षर स्तर हाय?" हा शब्द त्याने कधी ऐकला होता देव जाणे. मी तर तो फक्त वहीत लिहिला होता. पोरं सगळं ऐकत असतात.

अकराच्या सुमारास लाईट गेली. टीव्ही बंद. एरवी अशा वेळी मी हुश्श म्हणते, त्या दिवशी चिडले. पण खिचडी खाऊन आल्यावर मुलांनी स्वतःच खेळ काढला: 'मोबाईल-मोबाईल'. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मोबाईल होऊन पाटीवर लिहायचं, मुद्दाम एक शब्द चुकवायचा, आणि बोलणाऱ्याने तो पकडायचा. चुकीचं लिहायला बरोबर काय ते माहीत असावं लागतं, हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. उदगीर मोबाईल झाला तेव्हा त्याने 'पानी' लिहिलं. समोरची म्हणाली, "पकडलं! 'न' चुकवलास." तो म्हणाला, मी चुकवलंच नाई, मी तर 'खिचडी'त चुकवलोय. 'खि' दीर्घ केला होता. त्यावर मारामारीच व्हायची होती.

स्टाफरूममध्ये चौथीच्या सरांनी विचारलं, "सगळं ठीक, पण पेपरात 'भरलाली' लिहिलं तर?" चूकच देणार, मी काय करणार? त्यावर फार गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही. मग मी वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने करायला लावले, एक 'घरचं' आणि एक 'पुस्तकातलं'. घरचा रकाना आधी भरायचा. एवढाच नियम. उदगीरचा डावा रकाना नेहमी उजव्याच्या दुप्पट लांब असतो.

नंतर मी मुलांना मोठ्याने वाचायला लावून शाबासकी देणारं एक अ‍ॅपही आणून पाहिलं. तिथे अ‍ॅप शिक्षक असतं आणि मूल चुकतं. त्यात उदगीरला काही रस वाटला नाही. दोन तारे मिळवून फोन परत दिला.

सप्टेंबरच्या चाचणीत तो शब्दांवर आला. परिच्छेद अजून नाही. दुसऱ्या ओळीला दम लागतो. साईट मार्चपर्यंत आहे असं त्याची आई म्हणाली. आणखी एक सांगून गेली: संध्याकाळी बाप कामावरून आला की हा त्याचा फोन घेतो आणि दोघांनाही त्यात बोलायला लावतो. "काय बोलावं कळंना म्हनून ह्यांनी शिमेंटच्या गोण्याच मोजल्या," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात पर्यवेक्षक आले होते. फायली पाहिल्या, शौचालय पाहिलं, मग वर्गात येऊन अभ्र्याकडे बोट दाखवत मुलांना विचारलं, "काय रे, हा टीव्ही लावतात का तुमच्या बाई?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर! आम्ही रोज लालीला वाचायला शिकवतो."

त्यांनी वहीत काही लिहिलं, पेन थांबवलं आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ही लाली पटावर आहे का?"