आमची वाटचाल : उद्यमनगर ते मिरकरवाडा

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतायला सुरुवात केली. पुढे शेतात विजेचे पंप आले, काम घटलं. त्याच सुमारास रत्नागिरीच्या एका नौकामालकाने बोटीचा पातं मोडलेला गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) पंखा आणून ठेवला, "असाच ओतून द्या." दिला, आणि आमची भट्टी समुद्राला जोडली गेली.

बरीच वर्षं आम्ही फक्त नमुन्याबरहुकूम ओतत होतो. एका तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, वेग हवा होता, म्हणून पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकू पाहतो ते अंतर) दोन इंच वाढवून दिला. महिन्याभरात त्यांचा फोन आला, "शेट, बोट काय धावत नाय, डिझेल मात्र पिते."

आंबा घाट उतरून मिरकरवाड्याला, रत्नागिरीच्या मासेमारी बंदरात गेलो. इंजिनाच्या पट्टीवर 1800 आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेले, पण फुल रेसलाही काटा 1600 च्या वर जाईना. सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर. वाढवलेल्या पिचचा भार इंजिनाला पेलत नव्हता, चूक आमची होती. पंखा परत आणला, पिच पूर्ववत करून बसवला, पैसे घेतले नाहीत.

पुन्हा पाण्यात उतरल्यावर टाकीची नळी काढून, खुणा केलेल्या कॅनला जोडली. आठ नॉटला (ताशी आठ सागरी मैल) ताशी 15 लिटर, सातला 10! वीस सागरी मैलांच्या फेरीत जवळजवळ नऊ लिटर वाचतात, उशीर होतो वीसेक मिनिटांचा.

कारण बोटीच्या बुडात आहे. पाणी कापत जाणारी अशी बोट वेगाबरोबर स्वतःचीच लाट वाढवत नेते. तिच्या वेगाची मर्यादा ठोकताळ्याने अशी निघते : पाण्यालगतची लांबी 36 फूट, तिचं वर्गमूळ 6, गुणिले 1.34 हा ठरलेला आकडा, म्हणजे आठ नॉट. त्यापुढे ती आपल्याच लाटेवर चढू पाहते. मोठं इंजिन बसवलं तरी बराचसा पैसा धुरातच जातो.

आता ऑर्डर घेण्याआधी आम्ही पाण्यालगतची लांबी, इंजिनाचे एचपी, गिअरचं प्रमाण आणि फुल रेसचे आरपीएम विचारतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे मे महिन्यापासून भट्टीला उसंत नसते. तरीही ही माहिती मिळाल्याशिवाय साचा भरत नाही.

ते तांडेल आता जाताना सात नॉटच धरतात. येताना मासळीचा लिलाव गाठायचा असला की फुल रेस देतात, आणि ते मला पटतं.