जुनी जे-40 घ्यायचीय? आधी उलटी करून बघा

जुनी ऑस्टिन जे-40 घ्यायला कुणी निघालं की मी एकच सांगतो, आधी ती उलटी करून बघा. रंग, क्रोमची जाळी, हेडलाइट सगळं नंतर, कारण वरून काय वाट्टेल ते चकाचक करता येतं, गाडी खरी किती उरलीय ते खालच्या पत्र्यातच कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लहान मुलांची पेडल कार, इंग्लंडमधली. पण सव्वापाच फूट लांब, वजन चाळीस किलोच्या वर, पूर्ण पत्र्याची, हवेचे टायर, बॅटरीवर चालणारे हेडलाइट आणि हॉर्न, उघडणारी डिकी. बॉनेट उचललं की आत खोटं इंजिन, त्याला स्पार्क प्लग आणि वायरीसुद्धा! ऑस्टिन कंपनीच्या मोठ्या ए-40 मोटारीवरून बेतलेली. सुरुवातीला तिच्या जोडीला पाथफाइंडर नावाचं खास रेसिंग मॉडेलही होतं, 1930 च्या दशकातल्या ऑस्टिन सेव्हनच्या एकसीटी रेसकारसारखं दिसणारं. ते फक्त 1949-50 मध्ये निघालं, तेराशेच्या आसपास, त्यामुळे अस्सल पाथफाइंडर हाती लागायला नशीबच लागतं. मी अजून शोधतोय.

मला वेड लागलं ते मात्र या गाड्या कुणी बनवल्या हे कळल्यावर. साउथ वेल्समधलं बार्गोड हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे खाणीत राबून राबून ज्यांच्या छातीत कोळशाची धूळ बसली, न्यूमोकोनिओसिस झाला, त्यांना परत खाली उतरता येईना आणि दुसरं जड काम झेपेना. अशा माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारच्या मदतीने ऑस्टिनने 1949 साली तिथे कारखाना काढला. पत्रा कुठला, तर बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यात मोठ्या गाड्यांचे भाग कापून जे तुकडे उरायचे तो. त्यातून 1971 पर्यंत 32,098 जे-40 बाहेर पडल्या. मी बर्मिंगहॅमलाच राहतो, लाँगब्रिजवरून जाणं-येणं असतं, आणि इथला उरलेला पत्रा तिकडे खाणकामगारांच्या हातात जायचा हे आठवलं की खरंच भरून येतं.

माझी सध्याची गाडी जत्रेतल्या फिरत्या चक्रावरची आहे. खूप जे-40 अशा चक्रांवर गेल्या, बोल्टने घट्ट बसवल्या, आणि पोरांचे पाय अडकू नयेत म्हणून पेडल काढून टाकली. त्यामुळे अशी गाडी मिळाली की पेडल नाही, मागच्या एक्सलला जोडणारे दांडे नाहीत, तळाला भोकंच भोकं. वर दरवर्षी रंगाचा एक हात. मी पॉलिश पेपरने घासत गेलो तर लाल, खाली पिवळा, त्याखाली हिरवा, परत लाल, आणि एकदम तळाशी फिका निळा, तो बहुतेक कारखान्यातलाच. दाराच्या खालच्या कडेला रंग निघाला तेव्हा स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे दोन पत्रे जागोजागी वितळवून जोडल्याचे, ठिपके दिसले, एका ओळीत पण अंतर सारखं नाही, दोन जवळ जवळ मग एक लांब. कुणीतरी उभं राहून एकेक मारलेले ते ठिपके, त्यावर पुट्टी थापायला माझा हात धजला नाही. तसेच ठेवलेत, वरून नुसता प्रायमर आणि रंग.

नवीन पॅनल आज मिळतात आणि चांगलेही असतात, पण माझं स्पष्ट मत आहे की जेवढा जुना पत्रा वाचेल तेवढा वाचवा. जिथे गंजून चाळण झालीय तिथेच कापा, तेवढाच तुकडा जोडा. वेल्डिंग थोडं थोडं करून थांबत थांबत, नाहीतर उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि मग ठोकत बसा. सुट्या भागांसाठी सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्यूली गावी जो जुन्या सामानाचा मोठा बाजार भरतो तिथे जा, सकाळी लवकर, दुपारपर्यंत चांगलं सामान उचललं जातं.

आणि बरी झाली की पोरांना चालवायला द्या बाबांनो! काचेच्या कपाटात ठेवायला नाही ती. इंग्लंडमधल्या गुडवुडच्या रेसट्रॅकवर 2012 पासून सेट्रिंगटन कप होतो, खास जे-40 ची शर्यत, पोरं ट्रॅक ओलांडून पळत येतात, गाडीत उड्या टाकतात आणि जीव खाऊन पेडल मारतात. एकदा प्रत्यक्ष बघाच. त्या गाड्यांना ओरखडे पडतात, पडू देत, रंग परत देता येतो.

माझ्या गाडीचे पेडलचे दांडे एका लेथवाल्या काकांनी जुन्या नमुन्यावरून करून दिलेत, पाय मारला की चाकं फिरतात. स्टिअरिंगला अजून ढिलाई आहे, पुढचे बुश बदलायचेत, हॉर्नची वायरिंग बाकी आहे. लेक रोज विचारते कधी होणार म्हणून, तिला सांगितलंय आधी हॉर्न.