पोट लहान झाल्यावर संकष्टी, एकादशी आणि नवरात्र

वजन कमी करण्यासाठी केलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जो भाग काढून टाकतात, तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे पहिलं वर्षभर बऱ्याच जणांना दिवसभर काही न खाताही भुकेची जाणीव होत नाही. बायपासनंतरही (हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचा) पहिले काही महिने भूक मंदावलेली असते. मग वाटतं, उपवास तर आता पूर्वीपेक्षा सोपा झाला. नेमकी इथेच फसगत होते, कारण आता प्रश्न भुकेचा राहिलेला नसतो, भरपाईचा असतो.

धडधाकट पोटाचा माणूस दिवसभर कोरडा राहून रात्री दोन तांबे पाणी पितो, पोटभर जेवतो आणि दिवसाची तूट भरून काढतो. स्लीव्हनंतर उरलेल्या जठरात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. बायपासमध्ये केलेली पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरची असते. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव आणि ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं एवढ्याशा जागेतून जायची, तर ती घोटाघोटाने आणि घासाघासानेच जाणार. सकाळचे पाच तास वाया गेले की ते संध्याकाळी परत मिळत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की शस्त्रक्रियेनंतर 'काय खायचं नाही' हे सांगणारा उपवास करावा, 'किती वाजेपर्यंत खायचं नाही' हे सांगणारा करू नये. फराळाचा उपवास नीट आखला तर जमतो. दिवसभर काही न खाता रात्री एकदाच जेवण्याचा उपवास जमत नाही, आणि निर्जळी तर नाहीच.

पहिले सहा महिने कोणताच उपवास धरू नये. या काळात आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अशा टप्प्यांनी अन्न वाढत असतं, वजन झपाट्याने उतरत असतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त असते. त्यानंतरही घाई न करता वर्ष पूर्ण होऊ द्यावं, तेव्हाच्या रक्ततपासण्या बघाव्यात आणि मग आपल्या सर्जनला आणि आहारतज्ज्ञाला विचारून फराळाच्या एका उपवासापासून सुरुवात करावी. विचारताना 'उपवास केला तर चालेल का' एवढंच विचारू नका. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे कोणता उपवास येईल ते सांगता येत नाही. काय खाणार, किती वाजता खाणार, पाणी पिणार की नाही, हे कागदावर लिहून न्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर तीही त्याच कागदावर असू द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं कमी झालं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता फराळाकडे बघू. मराठी घरातला उपवासाचा फराळ म्हणजे पिष्ट, तेल आणि साखर. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही प्रथिन नाही. शिवाय तो चिकट. भिजवताना पाणी जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो, आणि हा गोळा अरुंद झालेल्या जागी अडकतो. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, शेवटी उलटी होते. खिचडी खायचीच असेल तर दाणा न् दाणा सुटा हवा, दाण्याचं कूट साबुदाण्याच्या निम्मं हवं, आणि खायची दोन-तीन चमचेच, तीही प्रथिनाचा पदार्थ पोटात गेल्यावर शेवटी. साबुदाणा वडा सोडून द्यावा. बायपास झालेल्यांना एवढ्या तेलाने जुलाबच होतात.

वेफर्स, बटाट्याचा चिवडा, तळलेल्या साबुदाण्याचा चिवडा हे मात्र अजिबात अडकत नाहीत, आणि तोच त्यांचा दोष. चावताक्षणी त्यांचा भुगा होतो आणि पोट भरल्याची खूण न देता ते खाली सरकतात. दोन-तीन वर्षांनी वजन परत चढायला लागतं तेव्हा आहाराच्या नोंदीत असं चटरमटर खाणं हमखास दिसतं. महिन्यातून दोन एकादश्या, एक संकष्टी आणि श्रावणातले सोमवार मोजले तर हे दिवस काही थोडे नाहीत.

उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतली प्रथिनं तशी हाताशीच आहेत. पनीरमध्ये शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिन असतं, चक्क्यात ८ ते १०, दाण्यात २५ आणि राजगिऱ्यात १३-१४. दाण्यात मात्र निम्म्याच्या जवळपास तेल असतं, तेव्हा तो भर घालण्यापुरता. सगळा भार दाण्यांवर टाकू नये. अख्खे दाणे नीट चावले जात नाहीत, म्हणून बारीक कूट किंवा दाण्याची आमटी बरी. ३० ग्रॅम दाण्यांच्या आमटीतून सात-साडेसात ग्रॅम प्रथिन मिळतं. गूळ घालून केलेला दाण्याचा लाडू यात धरू नका.

बाजारच्या पनीरमध्ये काय घातलंय याची शंका असेल तर ते घरीच करावं. लिटरभर दुधाला उकळी आली की आच बंद करायची, दोन मिनिटं थांबायचं आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घालत ढवळायचं. निवळी हिरवट आणि पारदर्शक झाली की गाळायचं. दूध म्हशीचं की गाईचं त्यानुसार दीडशे ते दोनशे ग्रॅम पनीर मिळतं. लहान पोटाला दाबून घट्ट केलेल्या वड्यांपेक्षा मऊ, भुगा केलेलं पनीर सोसतं. चमचाभर तुपात जिरं आणि हिरवी मिरची घालायची, त्यावर पनीर मोकळं करायचं, सैंधव घालायचं आणि लगेच उतरवायचं. जास्त परतलं की पनीर रबरासारखं होतं. उरलेली निवळी फेकू नका, जिरेपूड घालून घोट घोट प्या. चक्क्यासाठी अर्धा किलो दही चार-पाच तास टांगलं की दोनशे-अडीचशे ग्रॅम चक्का होतो. टांगताना फडक्यासकट फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो आंबट होत नाही.

दिवसाची आखणी अशी बसते. सकाळी सातला २०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात एक माप साधी, बिनस्वादाची व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची, पावडर (साधारण २८ ग्रॅम प्रथिनं). दहा वाजता १०० ग्रॅम चक्का आणि चमचाभर दाण्याचं कूट (११). एक वाजता ६० ग्रॅम पनीर आणि त्यावर जागा उरली तर दोन चमचे वरई किंवा उकडलेलं रताळं (११). साडेचारला दूध किंवा ताक. सातला ५० ग्रॅम पनीर, किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून. एवढ्यात ६० ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. पावडर वगळली तर चाळिशीतच अडकायला होतं, म्हणून ती वगळू नये. डब्यावरचे घटक मात्र वाचा. पुष्कळ पावडरींत सोया लेसिथिन असतं, काहींत मक्यापासून केलेलं माल्टोडेक्स्ट्रिन. उपवासाला धान्य-कडधान्य न चालणाऱ्यांनी फक्त व्हे असलेला डबा वेगळा ठेवावा.

पाणी जेवणाआधी अर्धा तास थांबवायचं आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू करायचं. हा नियम उपवासालाही लागू आहे. खिचडीबरोबर ताक घ्यायची आपली सवय इथे नडते, कारण पातळ ताकाबरोबर अन्न भराभर पुढे ढकललं जातं. ताकाची वेळ वेगळी ठेवा.

वरईबद्दल, म्हणजे भगरीबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं. महाशिवरात्रीला आणि नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला, बुरशी धरते आणि तिची विषं शिजवूनही जात नाहीत. सुटी भगर किंवा तयार पीठ घेऊ नये. पाकीटबंद घ्यावी, पॅकिंगची तारीख बघावी, निवडून धुवावी आणि पीठ हवं असेल तर लागेल तेवढंच घरी दळावं. हे सगळ्यांनीच पाळावं, पण बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या, रुग्णाने अधिकच. उलट्या दोन-तीन दिवस चालल्या तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, तुटपुंजा साठा संपत जातो आणि मेंदू व नसांवर परिणाम होतो. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली तर शस्त्रक्रिया झाल्याचं आधी सांगा आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायला हवं याची आठवण करून द्या.

गोळ्या उपवासालाही चुकवायच्या नाहीत. कॅल्शियम सायट्रेट एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब, आणि चहापासूनही तासभर लांब. कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. ते चालत नसेल तर परस्पर बंद करण्याऐवजी गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य कवचाच्या रूपात मागून घ्या. उपवासाने डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना बायपास झालेल्यांनी हात लावू नये, जठर आणि आतड्याच्या जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो.

हरतालिका आणि ज्येष्ठातली निर्जला एकादशी मला सर्वांत जास्त काळजीच्या वाटतात. हरतालिकेला दिवसभर पाणी नाही, रात्री जागरण, आणि उजाडताच गणपतीच्या स्वयंपाकाची धांदल. आदल्या दिवसाची तूट भरायला सवडच मिळत नाही, त्यात मोदकाचा गोड घास रिकाम्या पोटी जातो. पूजा करावी, कथा ऐकावी, जागरण झेपेल तेवढं करावं, पण पाणी प्यावं. अळणी सोमवारही या पोटाला मानवत नाहीत. आधीच खाणं कमी, त्यात मीठ बंद, मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जैन घरांतला चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य, त्यामानाने जमतो. सूर्योदय ते सूर्यास्त दर तासाला दीडशे मिलिलिटर द्रव घेतलं की भागतं. पर्युषणातली अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास, जमणार नाही.

व्रत मोडल्याची खंत पुष्कळांना आतून खाते, आणि ती खोटी नसते. अशांनी धर्मशास्त्र काय सांगतं ते बघावं. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत भंगत नाही, असा जुना दंडक आहे. अशक्त माणसासाठी पती, पत्नी किंवा मुलगा प्रतिनिधी म्हणून व्रत करू शकतो. वर्षानुवर्षं चालवलेल्या व्रताचं रीतसर उद्यापन करता येतं. गुरुजींशी हे शस्त्रक्रियेच्या आधीच बोलून घेतलं तर फार बरं. चातुर्मासाचे नियम तर या आहाराला अगदी सोयीचे आहेत. चार महिने साखर सोडणं, तळलेलं सोडणं, पारायण, मौन, यातलं काहीही मनापासून करता येतं.

उपवास सोडण्याची वेळ उपवासाइतकीच जपावी लागते. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, नंतर पूर्ण ताट आणि लगेच झोप. स्लीव्ह झालेल्यांना हमखास आंबट पाणी घशाशी येतं. अशा वेळी संध्याकाळी सातलाच प्रथिनाचा फराळ उरकून घ्यावा. चंद्रोदयानंतर घट्ट मुगाचं वरण चार-पाच चमचे, नैवेद्याचा कण, आणि दीड-दोन तास बसून राहावं. दिवसभर काही नको आणि रात्री ताटभर हवं, असा हट्ट या पोटाशी चालत नाही.

प्रसाद नाकारावा लागत नाही, त्याचं प्रमाण सांभाळावं लागतं. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर सारख्याच मापाने असतात. बायपास झालेल्याने त्याची वाटी संपवली तर दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असं डंपिंग होतं. दीड-दोन तासांनी साखर एकदम उतरून हातपाय कापतात, ते वेगळं. गुळाचा मोदक, पेढा, तिळगूळ, आटवलेलं कोजागरीचं दूध यांचा परिणामही तसाच. गूळ असला म्हणून पोट त्याला वेगळं वागवत नाही. शिरा पाव चमचा, मोदकाच्या सारणाची चिमूट, पंचामृत पळीभर आणि तेही काही खाल्ल्यानंतर. उरलेला प्रसाद घरातल्यांना द्यावा. आग्रह करणाऱ्या काकूंना 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटलं की त्या डॉक्टरांशी वाद घालतात. 'कणभर घेतला, पोचला' म्हटलं की त्यांनाही पटतं.

लघवी गडद झाली, दिवसात चारपेक्षा कमी वेळा झाली, उभं राहताना गरगरलं, तर उपवास तिथेच सोडून ओआरएस घोट घोट सुरू करावं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. त्यात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं, त्यामुळे डंपिंगची भीती नाही. ओआरएससारख्या दिसणाऱ्या फळांच्या स्वादाच्या पेयांत साखर कितीतरी जास्त असते. बारा तास पाणीही टिकत नसेल, किंवा उजव्या बरगडीखाली कळ येऊन उलट्या होत असतील, तर तिथी कोणतीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.