टिकटिक थांबली का?

रामबागेतल्या काकांचा फोन आला : "अरे, स्टार्टर फिरतोय, पण गाडी पकडत नाही. बघून जा."

गाडी म्हणजे १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, कापडी टपाची. चार वर्षं घरामागच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. इंदूरला जुन्या गाडीचा विषय निघाला की महाराजा यशवंतराव होळकरांची अमेरिकन ड्युसेनबर्ग गाडी निघतेच, आणि ती मी फोटोतच पाहिलीय. माझं आयुष्य गेलं अॅम्बॅसेडर खोलण्यात. पण एमजीबीचं बोनट उघडलं आणि हसू आलं. इंजिन नात्यातलं निघालं! अॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसी आणि हे १७९८ सीसी, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. हिला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारी यंत्रं, एवढी श्रीमंती.

काका शहात्तरचे, निवृत्त इंजिनियर. काय केलं ते वहीत तारखेनिशी लिहिलेलं. प्लग काढून भोकांतून तेलाचे थेंब सोडले. पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. मग प्लगशिवायच स्टार्टर मारला, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. ब्रेक ऑइल बदललं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही म्हणून पाइपही नवे. या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह बॉडीला जातो. तिथे लाल रंगाने लिहिलेलं, 'असंच आहे. बदलू नये.' गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, नीट टेकलेली. खरं सांगतो, चूक सापडेना म्हणून मी जरा हिरमुसलोच.

प्लग काढले तर चारही ओलेचिंब. म्हणजे पेट्रोल येतंय, वाजवीपेक्षा जास्तच येतंय.

"काका, स्टार्टर नको, नुसती चावी द्या," म्हणालो आणि मागच्या चाकाजवळ खाली शिरलो. हिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, तिकडेच असतो. चावी दिली की टकटकटक सुरू होतो, पुढे कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की आपोआप थांबतो. पेट्रोलला जागाच उरत नाही ना.

टकटकटक सुरू झाली. मी मनात वीस मोजले. मग तीस. थांबेना. आणि वास आला.

"काका, चावी बंद!"

"हो, छान चालतोय," काका सीटवरून म्हणाले.

मी फरशीवरून सरपटत निघालो, डोकं सायलेन्सरला आपटलं, आणि खिडकीतून हात घालून चावी फिरवली. डाव्या चाकाशी पेट्रोलचं थारोळं. या इंजिनात कार्ब्युरेटर बरोब्बर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात, मध्ये पत्र्याचा एक आडोसा. इंजिन गार होतं म्हणून हे लिहितोय. देवघरात समई तेवत होती, ती काकूंनी न विचारता विझवली.

"काल पण असंच सांडलं होतं का?"

"डाग होता. मला वाटलं, जुना आहे." काकांनी काल रात्री एकट्याने अर्धा तास चावी मारली होती. कानातलं मशीन कपाटात. ग्रीस लागतं म्हणून.

पुढचं काम सोपं. शेडचे दोन्ही दरवाजे उघडले, थारोळ्यावर वाळू टाकली, तास दीड तास कशाला हात लावला नाही. मग पुढच्या कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या) वाटीचे तीन स्क्रू काढले. झाकणात सुई असते, फ्लोट वर आला की ती पेट्रोल अडवते. ती अडकली होती. चार वर्षांत पेट्रोल सुकून तपकिरी गोंद झालेला, काकवीसारखा. थिनरने धुतली तेव्हा सुई बोटावर खाली-वर खेळायला लागली. मागच्या कार्ब्युरेटरचीही धुतली. नवीन मागवा, म्हणून बजावलं.

डिपस्टिक, इंजिनचं तेल मोजायची पट्टी, हुंगली तर तिलाही पेट्रोलचा वास. सिलिंडरमधून खाली तेलात उतरलेलं. परवाच भरलेलं तेल ओतायचं म्हटल्यावर काका वैतागले. "चार दिवस नाही झाले रे!" पण पातळ तेलावर इंजिन फिरवायचं नाही, यावर मी ऐकून घेत नाही.

सगळं जुळल्यावर काकांना गाडीखाली घेतलं आणि त्यांचा तळवा पंपावर टेकवला. काकूंनी चावी दिली.

"हं... लागतंय हाताला... चालू आहे..." काका डोळे मिटून पडलेले. "थांबला!"

पहिल्याच स्टार्टरला पकडली. धूर इतका की शेजारचे गच्चीवर आले.

निघताना वही पाहिली. यादीत एक ओळ वाढली होती : 'चावी दिल्यावर पंप थांबला का, हे हिला विचारणे.'

"मला?" काकू म्हणाल्या. "आणि मी सराफ्यात गेलेली असले तर?"

काकांना ते ऐकू गेलं नाही.