पुंगळीपासून पंपाच्या ग्लँडपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात शिरलं की उजव्या हाताला भिंतीला टेकवलेली एक सागवानी फळी दिसते. तिच्यावर ड्रिलनं पाडलेली शंभर भोकं आहेत. ही फळी आईनं करून घेतली. तिच्यावरून गेल्याशिवाय आमच्याकडं काडतुसाची एकही रिकामी पुंगळी पितळ वितळवायच्या मुशीत पडत नाही.

आबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका मुशीवर काम सुरू केलं. पंपाचे बुश, ग्लँड, फवारणी पंपाचे नोझल असं बारीकसारीक ओतकाम. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्र्यांच्या या गावात आम्ही पितळ धरून राहिलो. अडचण एकच होती, कच्च्या मालाची. बाजारातल्या मिसळ भंगारात कधी शिसं जास्त, कधी लोखंडाचा तुकडा. एक ओतणी चांगली, तर दुसरीत भोकंच भोकं.

अशात एका व्यापाऱ्यानं सरकारी लिलावातल्या, उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पोती आणली, कागदपत्रांसकट. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. गोळी सुटताना पुंगळी फुगून नळीला घट्ट बसावी आणि लगेच सैल व्हावी लागते, त्यामुळं त्या धातूत भेसळ चालतच नाही. आबांनी पहिली ओतणी फोडून पाहिली आणि म्हणाले, "हे सोनं आहे पोरा."

तिसऱ्या पोत्यात जिवंत काडतूस होतं. ते मुशीत गेलं. नळीबाहेर फुटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण पुंगळी फाटून तिच्या चिंध्या उडतात. त्यातली एक आमच्या जुन्या ओतारी मामांच्या मनगटावर रुतली. व्यापारी म्हणाला, माल तपासून घेणं तुमचं काम. त्या माणसाचा राग मला आजही येतो. आबांनी तीन दिवस भट्टी पेटवली नाही. चौथ्या दिवशी आई गाळ्यावर आली आणि एवढंच म्हणाली, "तांदूळ निवडल्याशिवाय आपण आधण ठेवतो का?" आणि सुताराकडून फळी करून आणली.

एका वेळी शंभर पुंगळ्या तोंड वर करून भोकांत उभ्या करायच्या. वरून दिवा धरला की आत काय आहे ते दिसतं. मग दुसरी फळी वर ठेवून सगळं उलटं करायचं, म्हणजे बुडं वर येतात. बुडाच्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीवर, बंदुकीच्या घोड्यानं पाडलेला खळगा असला आणि आत काही नसलं तर ती वाजलेली. टोपी गुळगुळीत दिसली किंवा तोंडात गोळी बसलेली असली, तर हात लावायचा नाही, बाजूला थांबायचं आणि पोलिसांना कळवायचं. नुसत्या आवाजाच्या काडतुसाचं तोंड पाकळ्यांसारखं मिटलेलं असतं, वाजल्यावर त्या पाकळ्या उमलतात. हे ओळखायला आमच्या बायका पुरुषांपेक्षा तरबेज आहेत. चुंबक मात्र आधी फिरवायचा, काही पुंगळ्या लोखंडी निघतात.

काडतुसापेक्षा मला जास्त धास्ती पाण्याची वाटते. ठेचून चपटी केलेली पुंगळी पावसाळ्यात आत चमचाभर पाणी धरून ठेवते. तशीच वितळलेल्या पितळात टाकली, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू छताला लागतो. म्हणून आधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडी करायची. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुरानं महामार्ग बंद झाला तेव्हा आमचं गोदामही भिजलं. पाणी ओसरल्यावर पुढचे कित्येक दिवस आम्ही फक्त माल वाळवत होतो.

मग धूर. जस्त 907 अंशांना उकळतं आणि हे पितळ वितळायला त्याहून थोडी जास्तच उष्णता लागते. म्हणून मुशीवर कोळशाचा थर ठेवायचा, शेवटी थोडं जस्त वरून द्यायचं आणि पांढऱ्या धुरात कुणाला उभं राहू द्यायचं नाही. त्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. आबांच्या काळी त्यावर गूळ खायला द्यायचे. आम्ही आता धूर ओढणारा पंखा आणि मास्क दिलाय. गूळ अजूनही मिळतो, कोल्हापूर आहे.

2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून नेमबाजी शिकणारी पोरं कारखाना बघायला येतात. एका मुलीनं विचारलं, "काका, ह्या पुंगळ्या परत भरता येत नाहीत का?"

तिला बसवून सांगितलं. तुमच्या पॉइंट टू टू रायफलच्या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या काठातच असतो, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरण्यासारखी नसते. मोठ्या काडतुसांचं बाहेरच्या देशांत होतं. जुनी फौजी काडतुसं उकलून पुंगळी आणि गोळी वापरणारे शौकीन तिथं आहेत. पण तिथंही जाणकार जुन्या दारूवर भरवसा ठेवत नाहीत. जुन्या फौजी टोप्यांतल्या रसायनाचं मीठ नळीत राहतं, ओल धरतं आणि गंज चढवतं. शिवाय पुंगळी दर वेळी कडक होत जाते आणि तोंडाशी चिरते. इंग्रजांच्या काळी आपल्याकडं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना आत राहिलेला ताण, हे त्याचं कारण 1921 मध्ये उलगडलं. आणि आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाच आहे. आमच्याकडं पुंगळीला एकच वाट, मुशीची.

ती मुलगी पुढच्या महिन्यात क्लबाच्या पत्रासकट बिस्किटाचा डबा भरून रिकाम्या पुंगळ्या घेऊन आली. फळीच्या भोकांत त्या सैल बसायच्या. म्हणून सुताराला बोलावलंय. आईच्या फळीशेजारी आता बारीक भोकांची दुसरी फळी होतेय.